ऑर्डर बुक, स्कॅन फोल्डर की डॉक्युमेंट सिस्टीम?

कार्बनचं ऑर्डर बुक सोडायचं हे बऱ्याच जणांचं ठरलेलं असतं, गाडी अडते ती पुढे, नुसतं स्कॅन करून फोल्डरला टाकायचं की रीतसर डॉक्युमेंट मॅनेजमेंट, म्हणजे कागद नंबरवार ठेवून बदलांची नोंद करणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं. आमचं पाईप-फिटिंगचं होलसेल, सांगली-मिरज भागात माल जातो, दोन्ही वापरून झालंय, म्हणून माझ्या धंद्यापुरतं सांगतो. बिलिंग टॅलीत आहे असं धरतोय, ते बदलायची गरज नाही.

कागद उगाच बदनाम आहे. सेल्समन दुकानात उभ्या उभ्या लिहितो, रेंज लागत नाही, दुकानदाराची सही तिथल्या तिथे. शोधायला वेळ जातो म्हणतात, पण आमचा जुना क्लार्क चहा संपायच्या आत हवा तो कागद काढून द्यायचा, त्यामुळे तो माझ्यासाठी मुद्दा नव्हताच.

मुद्दा होता दुरुस्तीचा. पांढरी प्रत ऑफिसला, गुलाबी गोडाऊनला, पिवळी बुकातच. सकाळी प्रती वाटल्या जातात आणि दुपारी पार्टीचा फोन, "अहो ते एल्बो पाऊण इंची नको, एक इंची करा." ज्याने फोन घेतला त्याने पांढरीवर पेनाने खोडून लिहिलं, गुलाबी तशीच. आता माल निघतो गुलाबीवर आणि बिल होतं पांढरीवर! मग टेम्पो परत, क्रेडिट नोट, भाडं कोणी द्यायचं यावरून वाद, आणि पेमेंटच्या वेळी पार्टी म्हणणार मी बदललंच नव्हतं. खोडलेल्या आकड्याशेजारी ना तारीख ना कोणी खोडलं त्याचं नाव.

स्कॅन स्वस्तात होतं. मोबाईलवर फोटो, ड्राइव्हवर पार्टीच्या नावाचा फोल्डर, गुगलची १५ जीबी फुकट आहेच. २०१९ च्या महापुरात ज्यांच्या दुकानात पाणी शिरलं त्यांना याचा फायदा वेगळा सांगायला नको. शिवाय जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने सांभाळायचे, तेवढ्या फायली माळ्यावर रचण्यापेक्षा हे बरं. दोन-चार माणसांचं काम असेल आणि ऑर्डरी फारशा बदलत नसतील तर इथेच थांबलात तरी चालेल.

पण आमची कटकट कागदावरून उठून स्क्रीनवर येऊन बसली. फोल्डरमध्ये 'नवीन', 'फायनल', 'फायनल नवीन', गोडाऊनवाला कुठली उघडेल ते त्याचं नशीब. त्याच फाईलवर नवी व्हर्जन चढवता येते हे खरंय, पण पीडीएफ-फोटोची जुनी व्हर्जन कायम ठेवायची खूण केली नाही तर ३० दिवसांनी उडू शकते, आणि आमच्याकडे उधारी दोन-तीन महिने चालते, भांडण नेमकं तेव्हा उगवतं.

डॉक्युमेंट सिस्टीममध्ये हे थांबलं, निदान आमच्याकडे तरी. ऑर्डर नंबरला एकच कागद, बदल केला की कोणी आणि कधी ते आपोआप लागतं, गोडाऊनच्या स्क्रीनवर ताजी प्रतच दिसते. माल भरायला घेतला की ऑर्डर लॉक, त्यानंतर बदल हवा तर माझी मंजुरी. पार्टीचा पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर), चलन, ई-वे बिल, पोच, सगळं त्याच नंबरखाली.

फुकट नाहीये अर्थात. दर माणशी दर महिन्याचं भाडं आहे, नेट गेलं की गोडाऊन हातावर हात धरून बसतं, आणि जुने सेल्समन अजून कुरकुर करतात, त्यांना मी कागदावर लिहून फोटो टाकायची मुभा दिलीय. जुन्या फायली स्कॅन करत बसू नका, नव्या आर्थिक वर्षापासून सुरू करा आणि जुनं कपाटातच राहू द्या.

डेमोला जाताना स्वतःची खोडाखोड झालेली एखादी ऑर्डर घेऊन जा, अर्धा टेम्पो भरल्यावर साईज बदलली तर काय होतं ते करून दाखवा म्हणा. आणि उद्या सोडायचं ठरलं तर आमचे कागद नंबरसकट बाहेर कसे काढून देणार, हेही पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.