जहाज व्हेनिसला जाणारच नव्हतं: क्रूझच्या बंदरांच्या नावावर झालेली फसवणूक

उन्हाळ्यातल्या भूमध्य समुद्राच्या क्रूझसाठी एजंटनं आमच्या हातात जो रंगीत कागद ठेवला, त्यावर अशी नावं होती: व्हेनिस, दुब्रोव्हनिक, कोटोर, सँटोरिनी, अथेन्स, नेपल्स, फ्लोरेन्स, रोम. या आठ नावांपैकी चार शहरांत ते जहाज लागणारच नव्हतं, आणि पैसे घेताना एजंटला हे माहीत होतं. कुणी सध्या क्रूझची बंदरं निवडत असेल तर आमच्या बाबतीत काय काय झालं ते आधी वाचा.

सुरुवात व्हेनिसपासून करते. आम्ही ही क्रूझ घेतली ती मुळात व्हेनिससाठी. विमानाची तिकिटंही त्याच एजंटनं व्हेनिसची काढून दिली. जहाज शहरातूनच सुटतं, डेकवरून सान मार्कोचा चौक दिसतो, असं त्यानं आम्हाला तोंडी सांगितलं आणि मेसेजमध्येही लिहिलं. प्रत्यक्षात 1 ऑगस्ट 2021 पासून 25,000 टनांपेक्षा मोठ्या जहाजांना सान मार्कोसमोरून आणि जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. त्यानंतर बऱ्याच मोठ्या जहाजांनी रावेन्ना किंवा त्रिएस्ते ही इटलीतलीच दुसरी बंदरं गाठली. आमचं जहाज रावेन्नाहून सुटणार होतं. व्हेनिसपासून रस्त्यानं दोन तासांपेक्षा जास्त. हे आम्हाला कळलं ते व्हेनिसच्या विमानतळावर उतरल्यावर, बंदराचा पत्ता विचारायला फोन केला तेव्हा. एजंट म्हणाला, "कंपनीनं ऐनवेळी बंदर बदललं, आम्ही काय करणार?" बॅगा, सासूबाईंचा दुखरा गुडघा आणि चेक-इन बंद होण्याची वेळ, सगळं एकदम समोर. मिळेल ती टॅक्सी मागतील त्या भाड्यात केली.

रावेन्नाच्या काउंटरवर मी आमच्या बुकिंगची प्रत मागितली. क्रूझ कंपनीनं एजंटला पाठवलेलं मूळ कन्फर्मेशन तिथल्या मुलीनं छापून दिलं. त्यावर पहिल्या दिवसापासून 'रावेन्ना' असंच होतं आणि त्याची तारीख आम्ही शेवटचा हप्ता भरण्याच्या बरीच आधीची होती. बंदर बदललं नव्हतंच. एजंटनं तो कागद आमच्यापर्यंत येऊच दिला नव्हता. त्याच कागदावर बंदर शुल्काचा आकडा होता, तो एजंटनं 'पोर्ट चार्जेस' म्हणून वेगळ्या घेतलेल्या रकमेपेक्षा कितीतरी कमी. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ तिथेच बसून होते. इतका राग मला क्वचितच आला असेल.

काही क्रूझ कंपन्याही शहराचं नाव मोठ्या अक्षरात आणि खऱ्या बंदराचं कंसात छापतात. तेही मला पटत नाही, पण निदान कंसात तरी असतं. आमच्या एजंटनं कंसच काढून टाकले होते. 'रोम' म्हणजे चिव्हितावेक्किया, रोमपासून सुमारे 80 किलोमीटर. 'फ्लोरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून फ्लोरेन्स जवळजवळ 90 किलोमीटर. 'अथेन्स' म्हणजे पिरेअस. हे त्यातल्या त्यात जवळ, मेट्रोनं सहज जाता येतं, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बंदरात दहा तास मिळणार असतील आणि शहर 90 किलोमीटरवर असेल, तर शहरासाठी हातात किती तास उरतात हे गणित पैसे भरण्याआधीच व्हायला हवं. सगळ्यांनी परत चढायची वेळ जहाज सुटण्याच्या निदान अर्धा तास आधीची असते, तेही धरायचं.

सँटोरिनीबद्दल मी एजंटला मुद्दाम विचारलं होतं, कारण सासूबाईंना पायऱ्या चढता येत नाहीत. त्याचं उत्तर: "जहाजातून उतरलं की पाच मिनिटांत गावात." ज्यानं एकदा सँटोरिनी पाहिलंय तो असं बोलूच शकत नाही. ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखात जहाज उभं राहतं, तिथे धक्का नाही. छोट्या टेंडर बोटीतून जुन्या बंदरावर जायचं, आणि 'फिरा' नावाचं गाव वर कड्यावर. वर जायला केबल कार, नाहीतर जवळपास सहाशे पायऱ्या किंवा खेचरं. एकाच वेळी दोन-तीन जहाजं आली की केबल कारची रांगच तास खाते. हलत्या टेंडरमध्ये पाय टाकणं ज्यांना जमत नाही, त्यांनी हे बंदर निवडताना दहादा विचार करावा. कॅरिबियनमध्येही ग्रँड केमन आणि बेलीझ सिटी इथे असंच टेंडरनं उतरावं लागतं. म्हणून "जहाज धक्क्याला लागतं की बाहेर नांगर टाकतं?" हा प्रश्न प्रत्येक बंदरासाठी वेगळा विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आमच्या वेळी तर सँटोरिनी झालंच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेचा जोराचा वारा सुटतो, त्याला तिकडे मेल्टेमी म्हणतात. टेंडर उतरवणं सुरक्षित नाही म्हणून कॅप्टननं बंदर रद्द केलं. त्यात कुणाचाच दोष नाही. बंदर बदलण्याचा किंवा गाळण्याचा अधिकार कंपनीला असतो, प्रवासाच्या करारात तसं लिहिलेलं असतं. त्या बंदराचं शुल्क कंपनीनं न मागता आमच्या केबिनच्या खात्यात जमा केलं. एजंटनं मात्र सँटोरिनीच्या 'खास खासगी सहली'चे आगाऊ घेतलेले पैसे दाबले. कारण काय, तर नैसर्गिक आपत्ती.

त्या सहली हा फसवणुकीचा सर्वांत मोठा भाग. जहाजावरची शोर एक्सकर्शन, म्हणजे क्रूझ कंपनीनंच आखलेली बंदरावरची सहल, महाग पडते, माझ्या ओळखीचे गाडीवाले स्वस्तात फिरवतील, असं सांगून त्यानं प्रत्येक बंदराचं व्हाउचर आमच्या गळ्यात मारलं होतं. नेपल्सला खरंच एक माणूस आला, त्यामुळे आमचा विश्वास वाढला. लिव्होर्नोला कुणी नाही. हे मालवाहू बंदर आहे, आत चालत फिरता येत नाही, शटल बसनं गावात सोडतात. व्हाउचरवर लिहिलेल्या चौकात आम्ही उन्हात उभे, आणि जरा पलीकडे आणखी एक कुटुंब हातात अगदी तेच व्हाउचर घेऊन उभं. फोन बंद. तोवर जहाजाच्या फ्लोरेन्सच्या बसेस निघून गेल्या होत्या. आता स्वतः फ्लोरेन्सला जाऊन वेळेत परतणं धोक्याचं होतं, कारण कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, बाहेरच्या सहलीसाठी थांबत नाही. शेवटी ट्रेननं पिसा पाहून परतलो. नंतर व्हाउचरवर नाव असलेल्या टूर कंपनीला मी ईमेल केला. त्यांचं उत्तर स्पष्ट होतं: आमच्या नावानं बुकिंग कधी झालंच नव्हतं.

ज्या बंदरांत कुणाच्या सहलीची गरजच नसते, तिथलीही व्हाउचरं विकली जातात, हे मला नंतर लक्षात आलं. कोटोरला जुन्या शहराची तटबंदी धक्क्याच्या अगदी समोर आहे, रस्ता ओलांडला की दरवाजा. आमचा सगळ्यात छान दिवस तोच, सासूबाईसुद्धा काठी टेकत आरामात फिरल्या. माल्टातल्या व्हॅलेटाचंही तसंच, धक्का शहराच्या पायथ्याशी आणि वर जायला लिफ्ट. बंदरं निवडताना आता मी आधी अशी ठिकाणं शोधते आणि लांबच्या शहरांची नावं असलेल्या क्रूझ बाजूला ठेवते.

एजंटकडून बुकिंग करणं चूक नाही, प्रामाणिक एजंट खूप आहेत. पण पहिला हप्ता भरल्याबरोबर क्रूझ कंपनीचा बुकिंग नंबर मागा आणि कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः लॉग-इन करून बंदराचं नाव, पोचण्याची आणि निघण्याची वेळ, शुल्क, सगळं पाहा. एजंट नंबर देण्यात चालढकल करायला लागला की पुढचा हप्ता थांबवा. आमच्या एजंटनं "सिस्टीममध्ये अजून आला नाही" असं सांगत शेवटच्या हप्त्यापर्यंत वेळ काढला होता.

परत आल्यावर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डानं दिलेले पैसे परत मिळण्याचा अर्ज, टाकला. लिव्होर्नोच्या सहलीचे पैसे कार्डानं दिले होते आणि टूर कंपनीचा ईमेल हाताशी होता, त्यामुळे ते परत मिळाले. सँटोरिनीचे आणि पोर्ट चार्जेसचे जादा पैसे खात्यात थेट ट्रान्सफर केले होते. त्यांची ग्राहक तक्रार दाखल केली आहे, निकाल बाकी आहे. तक्रारीला जोडायला उपयोगी पडलं ते एवढंच: रंगीत कागद, एजंटचे मेसेज, रावेन्नात छापून घेतलेलं कन्फर्मेशन आणि टॅक्सीची पावती. लिव्होर्नोला भेटलेल्या कुटुंबाचा नंबर घेऊन ठेवला होता, तेही आता आमच्यासोबत तक्रारदार आहेत.