घरी बांधलेलं रिमोटचं ट्रेनर (शिकायचं) विमान: सात महिने उडवल्यानंतर

चवथीला मखर करायला थर्माकोल कापायची गरम तार घरी आणली होती. पाच दिवसांचे गणपती झाले आणि त्याच तारेनं मी आणि माझ्या भाच्यानं विमानाचा पंख कापला. ऑक्टोबरच्या शेवटी पहिलं उड्डाण झालं. आता मे संपत आला आहे, नव्वदच्या आसपास उड्डाणं झाली आहेत. गोव्यातल्या फोंड्यासारख्या ठिकाणी राहून स्वतः विमान बांधू पाहणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी मापं. पंख वरच्या बाजूला, लांबी १२०० मिलिमीटर, रुंदी २०० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर. फ्युजलाज, म्हणजे विमानाचं धड, कोरोप्लास्टचं (पोकळ प्लास्टिकचा पत्रा), शेपूट बाल्साची, म्हणजे अगदी हलक्या लाकडाची. मोटर २२१२ मापाची, १००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे), त्यावर १० बाय ४.५ इंची प्रॉपेलर. बॅटरी तीन सेलची २२०० एमएएच, शेपटीचे भाग हलवायला ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो, म्हणजे छोट्या मोटरी. एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या) मुद्दाम दिले नाहीत, रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची पट्टी) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी) यांवरच उडतं. बॅटरीसकट वजन ७८० ग्रॅम भरलं.

एलेरॉन नाहीत तर विमान वळतं कसं, हे मला बरेच जण विचारतात. पंखाची दोन्ही टोकं मधल्या भागापेक्षा ५ सेंटिमीटर वर उचललेली आहेत, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण ५ अंशांचा डायहेड्रल. डावा रडर दिला की नाक डावीकडे वळतं आणि उजवा पंख पुढे येतो. पुढे आलेल्या पंखाला वारा जास्त कोनात लागतो, तो उचलला जातो आणि विमान डावीकडे कलून वळतं. रडर सोडला की त्याच डायहेड्रलमुळे ते हळूहळू सरळ होतं. शिकणाऱ्याच्या हातात याहून चांगलं काही देता येणार नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

पहिलं उड्डाण मात्र सात-आठ सेकंदांचं झालं. बॅटरी नाकात जाईना, म्हणून मी ती पंखाखाली, ठरल्या जागेपेक्षा १३ सेंटिमीटर मागे बसवली. भाच्यानं हातातून सोडलं, विमान वर गेलं, आणखी वर गेलं, मी एलिव्हेटर दाबला तर एकदम खाली आलं, ओढला तर पुन्हा उभं राहिलं. मग एका बाजूला कलंडून गवतात. घरी येऊन वहीत हिशोब मांडला. बॅटरी १८० ग्रॅमची, विमान ७८० चं. १३ सेंटिमीटर मागे नेल्यानं सगळ्या विमानाचा तोल, म्हणजे जिथे टेकवलं तर ते समतोल राहतं ती जागा, ३ सेंटिमीटर मागे गेला होता. पंखाच्या पुढच्या कडेपासून ५८ मिलिमीटरवर हवा होता तो ८८ वर, म्हणजे पंखाच्या रुंदीच्या ४४ टक्क्यांवर. अशा विमानाचा तोल २५ ते ३० टक्क्यांच्या मध्ये ठेवावा. तो जितका मागे जातो तितकी नाक आपोआप सावरायची ताकद कमी होते, आणि एका मर्यादेपुढे ती उरतच नाही.

त्या दिवसापासून पंखाच्या खालच्या बाजूला, दोन्हीकडे, ५६ मिलिमीटरवर पेन्सिलची रेघ आहे. बॅटरी घातल्यावर त्या रेघांवर दोन बोटं टेकवून विमान उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं तरच उडवायचं. नव्वद उड्डाणांत एकदाही हे चुकवलेलं नाही. तोलामुळे पुन्हा कधी पडलंही नाही.

पंखाच्या छेदाचा आकार क्लार्क वाय. व्हर्जिनियस क्लार्क यांनी १९२२ मध्ये काढलेला, जाडी रुंदीच्या ११.७ टक्के. शंभर वर्षं जुना असला तरी आमच्यासारख्यांना सोयीचा, कारण त्याचं पोट बहुतेक सपाट असतं आणि पंख टेबलावर ठेवून सरळ बांधता येतो. त्याआधी मी ५ मिलिमीटरच्या नुसत्या सपाट फोमचा पंख लावून पाहिला होता. उडतो, पण जास्त वेगात ठेवावा लागतो आणि बॅटरी लवकर संपते. क्लार्क वाय लावल्यावर निम्म्याहून थोड्या जास्त थ्रॉटलवर (मोटरच्या जोरावर) विमान आरामात तरंगतं आणि बारा मिनिटं सहज मिळतात.

आता वजनाबद्दल. ७८० ग्रॅमला हे विमान ताशी २४ किलोमीटरच्या आसपास स्टॉल होतं, म्हणजे त्याखाली पंख हवा धरून ठेवू शकत नाही. तेच वजन ९६० झालं तर हा आकडा २७ वर जातो. तीन किलोमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण खडबडीत जमिनीवर उतरताना तेवढ्यात प्रॉपेलर वाचतो किंवा तुटतो. वळताना तर हिशोब आणखी बदलतो. ६० अंश कलवून वळलं की पंखावर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग १.४१ पट होतो. २४ चा ३४ झाला म्हणून समजा.

हे आम्ही डिसेंबरात अनुभवलं. दुपारी चारची वेळ, खारे वारे जोरात. भाचा विमान उतरवायला वळवत होता आणि वारा विमानाच्या पाठीमागून होता. जमिनीवरून बघताना विमान खूप वेगात दिसत होतं, म्हणून त्यानं थ्रॉटल कमी केला आणि वळण आवळलं. पण पंखाला जमिनीवरचा वेग कळत नाही, हवेतला कळतो, आणि तो फारच कमी झाला होता. आतला पंख खाली गेला आणि विमान गिरकी घेत काजूच्या झाडात शिरलं. आकडीनं फांदी ओढून काढलं. पोरगा पार खट्टू झाला होता. त्याला मी तेव्हाच सांगितलं, यात तुझा दोष नाही, डोळ्यांना तसंच दिसतं. म्हणून आता वाऱ्याबरोबर जाताना थ्रॉटलला हातच लावायचा नाही, असं दोघांनी ठरवलंय.

त्यानंतर आम्ही सकाळी सात ते नऊच उडवतो. मतलई वारे मंदावलेले असतात आणि खारे वारे सुरू व्हायचे असतात, त्या मधल्या वेळात हवा अगदी शांत असते. जागा म्हणजे गावाबाहेरचा जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार. दिवाळीपर्यंत गवत मऊ असतं, मार्चनंतर नुसता दगड, म्हणून पोटाला कोरोप्लास्टची जादा पट्टी लावली. समुद्रकिनारी एकदाच गेलो. वाळू सर्व्होच्या गिअरमध्ये गेली, ती पुन्हा नीट निघाली नाही. आणि दाबोळी, मोपा दोन्ही विमानतळ जवळ असल्यामुळे ड्रोन नियम २०२१ खालचा हवाई क्षेत्राचा नकाशा बघून, हिरव्या भागातच उडवा. याबाबत हयगय नको.

एप्रिलमधली गोष्ट वेगळी. विमान गाडीत ठेवून मी फोंडा बाजारात गेलो, दीड तासानं आलो. मोटरची पाटी मी ग्लू गननं चिकटवली होती. उन्हात तो ग्लू मऊ पडला आणि मोटर आपल्या वजनानं खाली झुकली. मला ते दिसलं नाही. मोटर मुळात ३ अंश खाली आणि २ अंश उजवीकडे बसवलेली होती. खाली यासाठी की थ्रॉटल वाढवल्यावर नाक उगाच वर जाऊ नये, उजवीकडे यासाठी की प्रॉपेलरचा परिणाम विमानाला डावीकडे ओढतो. ते ३ अंशांचे सात-आठ झाले होते. थ्रॉटल वाढवला की नाक खाली, कमी केला की वर. एलिव्हेटर धरून कसंबसं उतरवलं. आता मोटर ३ मिलिमीटरच्या प्लायवर, इपॉक्सी आणि स्क्रूनी बसवली आहे. गोव्याच्या उन्हात भार घेणाऱ्या जागी ग्लू गन वापरू नका.

बाल्साच्या शेपटीबद्दल माझी एकच तक्रार. भाद्रपदात कापून कपाटावर ठेवलेला पत्रा ओल धरून वाकला होता, आणि तोच मी घाईत लावला. दुसरी शेपूट वार्निशचा पातळ हात देऊन केली, ती अजून सरळ आहे.

दुरुस्तीचं वजन हळूहळू वाढतं, ते तेव्हा जाणवत नाही. मागच्या आठवड्यात वजन केलं, ८६० भरलं. त्यात शेपटीवरची टेप आणि गोंदच १० ग्रॅमचा. शेपूट तोलाच्या जागेपासून ५५ सेंटिमीटर मागे आणि नाक २३ सेंटिमीटर पुढे, म्हणजे मागच्या त्या १० ग्रॅमसाठी नाकात २४ ग्रॅम शिसं घालावं लागलं. ३४ ग्रॅम, आणि त्यातला एकही उडायच्या कामाचा नाही. म्हणून जुनी शेपूट सोलून काढली. नवी तयार होतेय, तिला टेप लावणार नाही.

पावसाळ्यापुरत्या बॅटऱ्या प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवल्यात. पंख माळ्यावर सपाट फळीवर आहे. भाच्यानं नव्या पंखावर रेघा आत्ताच मारून ठेवल्यात, ५६ मिलिमीटरवर, दोन्ही बाजूंनी.