सॉल्ट क्लोरिनेटर, दुसरा हंगाम: ‘मीठ कमी’चा दिवा खोटं बोलतो

सॉल्ट क्लोरिनेटर म्हणजे पोहण्याच्या पूलच्या पाण्यात घातलेल्या मिठापासून विजेने क्लोरीन बनवणारं यंत्र. बाकीच्या माहितीत शिरत नाही. पहिला हंगाम बिनबोभाट गेला. दुसऱ्याच्या मध्यावर पॅनेलवर ‘मीठ कमी’चा लाल दिवा लागला आणि आकडा 2,400 पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात मिठाचे किती भाग) दिसायला लागला. हवं असतं साधारण 3,200. सर्व्हिसवाल्यांना फोन लावला तर काहीही न विचारता उत्तर तयार: “दोन पोती मीठ टाका.”

का टाका? मीठ गेलं कुठे? सेलमध्ये, म्हणजे यंत्रातल्या वीज वाहणाऱ्या प्लेटांच्या डबीत, मिठापासून क्लोरीन होतं, ते आपलं काम करतं आणि पुन्हा क्लोराइड होऊन त्याच पाण्यात राहतं. उन्हाने पाणी उडतं, मीठ उडत नाही. मीठ जातं ते फक्त पाण्याबरोबर: बॅकवॉशमध्ये (फिल्टर उलट्या पाण्याने धुताना), गळतीत, पावसात काठावरून वाहून, नाहीतर पोरांच्या उड्यांनी. आमच्याकडे गळती नाही, आणि उडालेल्या पाण्याच्या जागी जे पाणी भरतो त्यातही क्षार असतातच. शिवाय पीएच सारखा चढतो, म्हणजे पाण्याची आम्लता कमी होते, म्हणून हायड्रोक्लोरिक ॲसिड घालावं लागतं, त्याचंही क्लोराइड पाण्यात राहतं. म्हणजे आकडा चढायला हवा, आणि हे पॅनेल महाशय उतरला म्हणतात.

फुकटचं मीठ विकत घ्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून थेंबांचं टेस्ट किट आणलं. 10 मिली पाण्यात क्रोमेटचा थेंब टाकला की पाणी पिवळंधमक होतं. मग सिल्व्हर नायट्रेट एकेक थेंब सोडायचं आणि बाटली हलवत राहायची. पाणी पांढरट गढूळ होत जातं, थेंब पडतो तिथे लालसर ठिपका उठतो आणि विरतो. एका थेंबाला तो विरत नाही, सगळं पाणी विटकरी होतं. तिथे थांबायचं. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे 200 पीपीएम. एकवीस थेंब लागले. म्हणजे 4,200!

हिशेब सोपा आहे. 1,000 लिटरला 1 किलो मीठ म्हणजे 1,000 पीपीएम. आमचा पूल 50,000 लिटरचा, तेव्हा 25 किलोच्या एका पोत्याने 500 वाढतात. दोन पोती टाकली असती तर 5,200 झाले असते आणि यंत्र खरंच बंद पडलं असतं, या वेळी ‘मीठ जास्त’ म्हणून.

हे सर्व्हिसवाल्यांना सांगितलं तर म्हणाले, “आमच्या सेन्सरपेक्षा तुमचे थेंब खरे का?” हो, खरे. पॅनेल मीठ मोजतच नाही. सेलमधून वीज किती वाहते त्यावरून ते मिठाचा अंदाज बांधतं. प्लेटांवर कॅल्शियमचा थर बसला, सेल म्हातारा झाला, पाणी गार पडलं किंवा तापमानाचा सेन्सर बिघडला, तरी वीज कमी वाहते आणि खापर फुटतं मिठावर. चोर सोडून संन्याशाला फाशी.

सेल उघडला तर प्लेटांच्या फटींत पांढरा चुनखडीसारखा थर होता. चार भाग पाण्यात एक भाग ॲसिड (ॲसिड पाण्यात ओतायचं, उलट कधीही नाही), त्यात सेल बुडवला. फसफस थांबली तसा बाहेर काढला. खरवडायचं नाही, आणि उगाच वारंवार ॲसिडही नको. प्लेटांवरचं लेपन झिजतं. परत बसवला तर पॅनेलवर 4,100.

एक तारा द्यायचा आणि मोकळं व्हायचं, असं ठरवून हे लिहायला बसलो होतो. पण न्यायाने बोलायचं तर क्लोरीन एकसारखं राहतं, डोळे चुरचुरत नाहीत, क्लोरीनचे डबे वाहून आणायचे कष्ट वाचलेत. शिवाय मीठ साठणं हा फक्त या यंत्राचा दोष नाही. शेजारी वर्षानुवर्षं त्यांच्या पूलमध्ये लिक्विड क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) ओततात आणि “आमच्यात मीठ नाहीच” असं छाती ठोकून सांगतात. त्यांचं पाणी तपासलं तर 2,000च्या वर! लिक्विड क्लोरीनच्या प्रत्येक 1 पीपीएममागे साधारण 1.6 पीपीएम मीठ मागे उरतं. रोज 3 पीपीएम धरा, वर्षाला 1,700च्या पुढे जातं. तेव्हा यंत्राला तीन तारे. सर्व्हिसला शून्य.

वाढलेल्या मिठाचं दुखणं पाण्यात दिसत नाही, काठावर दिसतं. शिडी जिथे फरशीत रोवली आहे तिथे गंजाची तपकिरी कड आली आहे, आणि काठाच्या दगडाला लोणा लागून पापुद्रे सुटतायत. घेतानाच शिडी 316 स्टीलची, म्हणजे खाऱ्या पाण्यात कमी गंजणाऱ्या जातीची, आहे का ते विचारून घ्या.

आता 4,200 वरून 3,200 वर यायचं तर जवळपास पाव पूल उपसून ताजं पाणी भरायला हवं. वाळूचा फिल्टर मीठ अडवत नाही, आरओ अडवतं, पण एवढ्यासाठी ते कोण लावणार? उपसलेलं पाणी बागेत सोडायचा मोह होतो, पण एवढ्या खाऱ्या पाण्याने झाडं जळतील. 12,000 लिटर पाणी उगाच गटारात सोडायला जीव होत नाही. म्हणून पावसाळा लागला की आधी थोडं उपसणार आणि ती जागा पावसाला भरू देणार. तोवर मिठाचं एकही पोतं घरात येणार नाही.