एकच बघणार असाल तर : १९९३ मधल्या जपानी महिला रेसलिंगच्या चार लढती

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात अटच घातली. "मावशी, त्या जपानी बायकांच्या रेसलिंगचं कौतुक किती वर्षं ऐकायचं? एक मॅच सांग. एकच. आवडली तर पुढचं बघेन." भाचा डब्ल्यूडब्ल्यूईवर वाढलेला. लहानपणी त्याच्या दप्तरात पुस्तकं कमी आणि रेसलिंगचे पत्ते जास्त. मी उत्साहाने यादी करायला बसले आणि अडकले. वर्ष ठरवायला मिनिटभरही लागलं नाही: १९९३. पण त्या वर्षातली कोणती, यात माझे तीन दिवस गेले. तुम्हीही त्याच्याच जागी असाल, तर माझं अडकणं तुमच्या कामी येईल.

आधी १९९३च का, ते सांगते. जपानमध्ये महिलांच्या रेसलिंगवर वर्षानुवर्षं एकाच कंपनीचं राज्य होतं. मात्सुनागा भावांनी १९६८ मध्ये काढलेली ऑल जपान विमेन्स, म्हणजे तिथल्या चाहत्यांच्या तोंडी 'झेन्जो'. ऐंशीच्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका या जोडीपायी शाळकरी मुली वेड्या झाल्या होत्या. १९८६ मध्ये एक प्रतिस्पर्धी कंपनी उभी राहिली. ती १९९२ च्या सुरुवातीला बंद पडली आणि तिचे दोन तुकडे झाले: जेडब्ल्यूपी आणि एलएलपीडब्ल्यू. त्याच वर्षाच्या अखेरीस झेन्जोने या परक्यांना आपल्या रिंगमध्ये बोलावलं. मग १९९३ भर जे झालं, ते एखाद्या जत्रेच्या फडासारखं होतं. या तालमीची पोरगी त्या तालमीच्या पोरीसमोर. पट्टा, म्हणजे अजिंक्यपद, कुणाचा हे दुय्यम, आपल्या तालमीची इज्जत पहिली.

आणखी एक गोष्ट भाच्याला सांगावी लागली नाही, पण तुम्हाला सांगते. निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात आणि त्या शब्दाला फसवणुकीचा वास येतो. इथे फसवणूक नाही, सगळा मामला उघड आहे. त्यामुळे प्रश्न एकच उरतो: ही नुरा आहे हे माहीत असूनही ते तुम्ही विसरता का? आणि मानेवर आपटल्यावर मान दुखतेच, निकाल कुणीही ठरवलेला असो.

योकोहामा, २ एप्रिल : होकुतो विरुद्ध कांदोरी

अकिरा होकुतो झेन्जोची. होकुतो म्हणजे जपानीत सप्तर्षी. हे तिने रिंगसाठी घेतलेलं नाव. १९८७ मध्ये एका जोडीच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याने तिला उलटं धरून डोक्यावर आपटलं आणि तिची मान मोडली. ती बाहेर गेली नाही. दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं जागेवर धरून ठेवलं आणि सामना संपवला. तिला 'डेंजरस क्वीन' म्हणत. त्यातला धोका समोरचीला जास्त की तिला स्वतःला, हे तिचे चाहतेही सांगू शकत नसत.

शिनोबू कांदोरी एलएलपीडब्ल्यूची. ज्युदोतून आलेली, १९८४ च्या जागतिक स्पर्धेतली कांस्यपदक विजेती. १९८७ मध्येच तिने जॅकी सातो या एकेकाळच्या महातारकेला रिंगमध्ये खरोखरची शरण आणली होती. त्या दिवशी ठरलेलं नाटक बाजूला राहिलं आणि ज्युदो पुढे आला. नंतर ती म्हणाली की तिला समोरचीचं मन मोडायचं होतं. अशी बाई समोर उभी राहिली की नुरा हा शब्द डळमळायला लागतो. हिने ठरवलं तर हात खरंच मोडू शकतो, हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत असतं.

सामना याच भीतीवर उभा आहे. घंटा झाल्यावर होकुतो तोंडावर ठोसा मारून सुरुवात करते आणि थोड्याच वेळात कांदोरी तिचा हात पकडून असा मुरगळते की होकुतोची किंकाळी ऐकून आपणच खुर्चीत सावरून बसतो. इथून पुढे होकुतो एका हाताने लढते आहे असं वाटत राहतं. मग लढत रिंगबाहेर जाते. होकुतो कांदोरीला टेबलावर उलटं आपटायला उचलते, कांदोरी तो डाव तिच्यावरच उलटवते. आता जरा १९८७ आठवा. जिची मान याच प्रकारच्या डावाने मोडली होती, ती पुन्हा डोक्यावर आपटली जाते, कपाळ फुटतं, चेहरा रक्ताने भरतो. पुढचा अर्धा सामना तुम्ही तो चेहरा बघत असता.

आणि शेवट. रेसलिंगमध्ये सहसा शेवटी मोठा डाव असतो, ज्याचं पोस्टर होतं. होकुतोकडे तसा डाव होता. नॉर्दर्न लाइट्स बॉम्ब तिनेच काढलेला. पण इथे दोघी इतक्या संपलेल्या असतात की एकमेकींना एकेक ठोसा मारतात आणि दोघीही कोसळतात. होकुतो कशीबशी कांदोरीच्या अंगावर पडते, कांदोरीची पाठ टेकलेली, पंच तीन मोजतो आणि होकुतो जिंकते. जिंकण्यापेक्षा ते पडणंच जास्त आहे. मी हा शेवट किती वेळा बघितला याचा हिशोब नाही, आणि दर वेळी वाटतं की आता होकुतो उठणार नाही.

लांबी साधारण अर्धा तास. पूर्वतयारी शून्य: मी वर सांगितलं तेवढं पुरे, किंबहुना तेही नसलं तरी चालेल. रक्त मात्र खरं आणि भरपूर आहे. ज्यांना ते सोसत नाही त्यांनी पुढच्या भागाकडे वळावं.

ओसाका, ११ एप्रिल : तोयोता आणि यामादा विरुद्ध कान्साई आणि ओझाकी

नऊच दिवसांनी, ओसाकाच्या प्रीफेक्चरल जिम्नॅशियममध्ये. दरवर्षी मार्चमध्ये सुमोची स्पर्धा भरते तेच सभागृह. झेन्जोची जोडी मानामी तोयोता आणि तोशियो यामादा, समोर जेडब्ल्यूपीच्या डायनामाइट कान्साई आणि मायुमी ओझाकी. झेन्जोच्या जोडीच्या पट्ट्यासाठी (त्याचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूए), तीनपैकी दोन डाव जिंकायचे.

'रेसलिंग ऑब्झर्व्हर' या अमेरिकी पत्रिकेने १९९३ ची सर्वोत्तम लढत म्हणून हीच निवडली. जगभरातल्या पुरुषांच्या लढतींसकट. हे सांगितलं की बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो, आणि मला वाटतं इथेच ते चुकतात.

लढत अप्रतिम आहे, यात वाद नाही. तोयोता वीस-बावीस वर्षांची आणि थांबणं तिला माहीतच नाही. दोरीवरून झेप, उठून पुन्हा झेप, मध्ये श्वास नाही. यामादाच्या लाथा कराटेसारख्या सरळ आणि कोरड्या. कान्साई त्याहून जड. तिची लाथ बसली की आवाज मागच्या रांगेत जातो. ओझाकी चौघींत लहानखुरी आणि सर्वांत डांबिस. ती समोरचीचं काय दुखतंय ते बरोबर शोधून तिथेच मारते. चार स्वभाव इतके वेगळे की डोळे मिटूनही, नुसत्या आवाजावरून, आत कोण आहे ते कळावं.

पण या लढतीची पूर्वतयारी मोठी आहे. याच चौघींची पहिली लढत नोव्हेंबर १९९२ मध्ये कावासाकीला झाली, तिथे तोयोता-यामादांनी पट्टा राखला. त्याआधी ऑगस्टमध्ये या दोघी एकमेकींविरुद्ध केसांच्या पैजेवर लढल्या होत्या, हरणारीचं मुंडन. यामादा हरली, आणि जिंकलेली तोयोता रडत मुंडन थांबवायला धावली. हे माहीत असलं की ओसाकात एकीला वाचवायला दुसरी आत उडी घेते तेव्हा ती नुसती जोडीदार राहत नाही. माहीत नसेल तर ती फार सुंदर कसरत वाटते. शिवाय पहिले दोन डाव आणि मग निर्णायक तिसरा, असा ताण साचायला वेळ लागतो. भाच्याचा अंगठा तोवर तीनदा मोबाइलच्या पडद्यावरून सरकलेला असतो.

पट्टा जेडब्ल्यूपीकडे गेला. घरच्या मैदानावर परकी जोडी जिंकली, आणि प्रेक्षकांचा आवाज ऐकला तर त्यांना ते खुपलं असं वाटत नाही.

योकोहामा, ३१ जुलै : थंडर क्वीन बॅटल

या वेळी यजमान जेडब्ल्यूपी. प्रत्येक बाजूला चार जणी. झेन्जोकडून आजा काँग, क्योको इनोउए, ताकाको इनोउए आणि साकिए हासेगावा. जेडब्ल्यूपीकडून कान्साई, ओझाकी, क्यूटी सुझुकी आणि हिकारी फुकुओका. (दोन्ही इनोउए बहिणी नाहीत, आडनाव तेवढं एक.) आधी पाच-पाच मिनिटांच्या चार एकेरी लढती, मग राहिलेली चाळीस मिनिटं आठही जणी. एकूण बरोबर एक तास, आणि ज्या बाजूने जास्त वेळा पाठ टेकवली ती जिंकली.

जाणकारांना ही फार आवडते. आठ जणी, एक तास, आणि रटाळ जागा जवळजवळ नाही. असा हिशोब जमवणं कठीण असतं. पण नवख्याला ही सुचवणं म्हणजे नाट्यसंगीत कधी न ऐकलेल्याला रात्रभराच्या मैफलीला बसवणं. आठ चेहरे आणि आठ नावं ओळखेपर्यंत अर्धा तास संपतो. ओसाकानंतर, कान्साई आणि ओझाकी ओळखीच्या झाल्यावर बघितलीत तर हिची चव वेगळीच. पहिली म्हणून नको.

टोकियो, २५ ऑगस्ट : आजा काँग विरुद्ध डायनामाइट कान्साई

निप्पॉन बुदोकान, १९६४ च्या ऑलिंपिक ज्युदोसाठी बांधलेलं. आजा काँग झेन्जोची मुख्य पट्टाधारक. बुल नाकानोला हरवून ती आदल्या नोव्हेंबरमध्ये तिथे पोचली होती. दोन अवजड बायका, सरळ मारामारी, आजाची मुठीच्या उलट बाजूने मारलेली गिरकी. कथा समजून घ्यायची नाही, नावं दोनच. आजा पट्टा राखते. चारही लढतींत ही सर्वांत सोपी, आणि माझ्या मते चौथ्या क्रमांकाची. तिच्यात तुटायला काही नाही. दोघी पहिल्या मिनिटाला जितक्या भक्कम, जवळपास तितक्याच शेवटीही. कांदोरीच्या हाती होकुतोचा हात गेल्यावर जे पोटात होतं, ते इथे होत नाही.

मग कुठली?

६ डिसेंबरची भूल पडू देऊ नका. त्या दिवशी र्‍योगोकूच्या कोकुगिकानमध्ये या वर्षाच्या दोन्ही मोठ्या कथा एकाच रात्री पुढे सरकल्या: कांदोरीने होकुतोला हरवून योकोहामाची परतफेड केली, आणि तोयोता-यामादांनी पट्टा परत घेतला. एका तिकिटात दोन, म्हणून लोक हीच रात्र सुचवतात. (सुमोचं हे मुख्य सभागृह. सुमोच्या मातीच्या रिंगणावर बाईला पाय ठेवता येत नाही, आणि त्याच छताखाली ही रात्र. मला त्याची मजा वाटते.) पण जो एप्रिल बघून आला नाही, त्याच्यासाठी डिसेंबर म्हणजे दिलेल्या उसन्याची पावती. उसनं कधी दिलं हेच माहीत नाही, तर पावती बघून काय करायचं?

तुम्ही खेळाकडे खेळ म्हणून बघता, क्रिकेटमध्ये धावांपेक्षा फलंदाजाच्या पायांची हालचाल बघता, तर ओसाका. पण आधी कावासाकी बघा, आणि दोन संध्याकाळी राखून ठेवा. रक्त अजिबात नको असेल तरीही तेच. ज्यांच्याकडे अर्धा तास आहे आणि जपानी रेसलिंगबद्दल काहीही माहिती नाही, त्यांच्यासाठी एप्रिलचं योकोहामा. ओसाका अधिक घडवलेली, अधिक अवघड, कदाचित अधिक 'चांगली' लढत आहे हे मी मान्य करते. तरी पहिली ही. ओसाका बघून तुम्ही म्हणाल, या बायका किती तयारीच्या आहेत. योकोहामा बघून म्हणाल, हिला कुणीतरी थांबवा. दुसऱ्या वाक्यासाठी कोणतीही ओळख लागत नाही.

समालोचन जपानीत असतं, त्याची काळजी नको. किंबहुना भाषांतराच्या ओळी नसलेली चित्रफीत मिळाली तर तीच घ्या. समालोचकाचा आवाज कधी चढतो, तेवढं कान आपोआप शिकतात.

हे सगळं मी भाच्याला व्यवस्थित लिहून पाठवलं. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला: त्याने बुदोकानची बघितली. का, तर शोधताना आजा काँगचा फोटो दिसला, रंगवलेला चेहरा आणि हातात पत्र्याचा डबा, आणि त्याला दुसरं काही सुचेना. "भारी होती मावशी. ती दुसरी, लाथा मारणारी, तिच्या अजून आहेत का?"

कान्साई. म्हणजे आता कावासाकी आणि मग ओसाका. होकुतोपर्यंत यायला त्याला गणपती उजाडणार.