महाराष्ट्राची माहिती मुलांसाठी: आकड्यांचं पुस्तक की भिंतीवरचा नकाशा?

चौथी-पाचवीतल्या मुलांना आपल्या राज्याची ओळख व्हावी म्हणून घरात काय आणावं? बहुतेकांपुढे दोनच पर्याय असतात: प्रश्नोत्तरं आणि तक्ते असलेलं सामान्यज्ञानाचं पुस्तक, किंवा भिंतीवर लावायचा तालुकावार नकाशा. मुलीसाठी मी आधी पुस्तक आणलं, नकाशा नंतर.

पुस्तकाचा फायदा लगेच दिसतो. स्थापना १ मे १९६०, क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, राज्यप्राणी शेकरू, राज्यफूल ताम्हण. आठवडाभरात मुलगी हे सगळं घडाघडा सांगू लागली. जेवताना आम्हालाच प्रश्न विचारायची. शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करायची असेल, तर पुस्तक लागेलच.

माझं मन उडालं ते जिल्हावार लोकसंख्येच्या तक्त्यावरून. सुट्टीत तिने छत्तीसही जिल्ह्यांची बेरीज करायला घेतली. वर राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ छापलेली, आणि तिची बेरीज जवळपास ३० लाखांनी जास्त. आपलंच चुकतंय असं वाटून तिने तीनदा बेरीज केली, शेवटी रडवेली होऊन माझ्याकडे आली. चूक पुस्तकाची होती. आकडे २०११च्या जनगणनेचे. पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला. छापताना पालघरची ओळ नवीन घातली, पण ठाण्याचा १ कोटी १० लाखांचा जुना आकडा तसाच ठेवला. म्हणजे पालघरची माणसं दोनदा मोजली गेली. पुढच्या पानावर ‘सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा’ म्हणून ठाणेच. पालघर वेगळं काढलं तर ठाणे ८१ लाखांच्या आसपास येतं आणि ९४ लाखांचं पुणे पुढे जातं. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे हा घोळ अजून कुठे कुठे छापला जात असेल. मुलं छापील आकड्यावर किती विश्वास ठेवतात, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं.

आता नकाशा. आमच्याकडचा जुनाच होता, त्यातही पालघर जिल्हा नव्हता. पण ती उणीव डोळ्यांना दिसत होती आणि भरून काढता येत होती. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे आठ तालुके शोधून तिने स्वतः पेन्सिलीने हद्द आखली. मग धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. स्थापनेच्या वेळी २६ असलेले जिल्हे ३६ कसे झाले, हेही तिला त्यातूनच विचारावंसं वाटलं: वाशिम अकोल्यातून, हिंगोली परभणीतून, गोंदिया भंडाऱ्यातून.

एकदा तिचं बोट गोदावरीवरून फिरत होतं. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, नांदेड, मग राज्याबाहेर, आणि सिरोंच्यापाशी पुन्हा आपल्या हद्दीला. “बाबा, समुद्र तर इकडे जवळ आहे, मग ही तिकडे का गेली?” त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आहे. सह्याद्रीचा माथा आणि पठाराचा पूर्वेकडचा उतार तिला त्या एका प्रश्नातून समजला. नदीची लांबी तिने पुस्तकातून आधीच पाठ केली होती, पण हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

नकाशा भिंत अडवतो, गावांची अक्षरं बारीक असतात, आकडे जवळपास नसतातच. प्रत्येक मूल त्यात रमेल असंही नाही. आमचा अनुभव एकाच घराचा. तरी एकच घ्यायचं असेल तर मी नकाशा घेईन, आणि तोही तालुके दाखवणारा. नुसते जिल्हे रंगवलेल्या नकाशावर पालघर आखता आलं नसतं.

पुस्तकच घ्यायचं ठरलं, तर दुकानात आधी ठाण्याची ओळ उघडून बघा. पालघर वेगळं दिलेलं असूनही ठाण्यापुढे १ कोटी १० लाख दिसले, तर ते परत ठेवा आणि दुसरं मागा.