लहान मुलांच्या भुलीसाठी नवे व्हेंटिलेटर : काही महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरच्या ज्या बालशल्य रुग्णालयात मी भूलतज्ज्ञ म्हणून काम करते, तेथे गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला नवे ॲनेस्थेशिया वर्कस्टेशन, म्हणजे व्हेंटिलेटरसह भूल देण्याचे यंत्र, आले. धार, झाबुआ, खरगोन या बाजूंनी येणारी तान्ही मुले आमच्याकडे बरीच असतात. अशी यंत्रे आता अनेक कंपन्या बनवतात, म्हणून येथे नावापेक्षा कामाविषयी लिहिते.

आधीच्या यंत्रावर तान्ह्या बाळाला व्हेंटिलेटर लावताना खरी अडचण फ्रेश गॅसची, म्हणजे सर्किटमध्ये (श्वासाच्या नळ्यांच्या जोडणीत) सतत सोडल्या जाणाऱ्या ताज्या वायूची, होती. मिनिटाला ३ लिटर गॅस सोडला, श्वासाची गती ३० ठेवली आणि श्वास आत जाण्याचे व बाहेर येण्याचे प्रमाण १:२ असले, तर व्हॉल्यूम मोडमध्ये (ठरावीक मापाचा श्वास देताना) बेलोजने, म्हणजे यंत्राच्या भात्याने, ढकललेल्या हवेखेरीज प्रत्येक श्वासात सुमारे ३३ मिली गॅस जादा आत जातो. तीन किलोच्या बाळाचा संपूर्ण श्वासच किलोमागे ६ ते ८ मिली या हिशेबाने १८ ते २४ मिलीचा असतो. उलट दिशेने, दाब वाढला की सर्किटच्या नळ्या थोड्या फुगतात आणि काही हवा त्यांच्यातच अडकून राहते. मोठ्या माणसाच्या ५०० मिलींत ही वजाबाकी नगण्य ठरते. बाळाच्या बाबतीत मात्र पडद्यावरचा आकडा आणि छातीत जाणारी हवा यांचा मेळच बसत नाही. म्हणूनच आम्ही प्रेशर मोडवर (ठरावीक दाबाने) किंवा सरळ जॅक्सन-रीस या बॅगेच्या साध्या सर्किटवर हाताने श्वास देत असू. आयर यांनी १९३७ मध्ये सुचवलेल्या टी-पीसला (टी आकाराच्या जोडनळीला) रीस यांनी १९५० मध्ये बॅग जोडली, आणि त्या बॅगेवरच्या हाताला फुप्फुसाचा ताठरपणा जसा कळतो तसा तो आजही कोणत्याही पडद्यावर दिसत नाही, असे माझे ठाम मत आहे.

नवे यंत्र फ्रेश गॅसची आणि नळ्यांच्या फुगण्याची भरपाई स्वतः करते. माझ्या दृष्टीने खरी सुधारणा हीच आहे. व्हॉल्यूम गॅरंटीसारखे मोड, जे ठरलेल्या मापाचा श्वास मिळावा म्हणून दाब स्वतः बदलतात, त्यानंतर येतात. ही भरपाई सकाळच्या सेल्फ-टेस्टवर अवलंबून असते, कारण नळ्या किती फुगतात हे यंत्र तेव्हाच मोजते. टेस्ट मोठ्यांच्या सर्किटवर झाली आणि नंतर मुलांचे सर्किट जोडले, किंवा लांब होणारी नळी मागाहून ताणली, तर हिशेब चुकतो आणि त्याबद्दल कोणताही अलार्म वाजत नाही. एकदा सर्किट बदलल्यावर आमचे तंत्रज्ञ म्हणाले, ‘मॅडम, बाळाला टेबलावर घेऊ नका, टेस्ट परत लावतो.’ यादी कितीही लांबलेली असली तरी ते तेवढा वेळ घेतातच, आणि या यंत्राच्या यशाचा मोठा वाटा मी त्यांना देते.

व्हॉल्यूम गॅरंटीचा उपयोग दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत सर्वांत जास्त जाणवला. पोटात वायू भरला की छाती-पोटामधला स्नायूचा पडदा वर सरकतो, फुप्फुसे ताठ होतात, आणि साध्या प्रेशर मोडमध्ये श्वास लहान होत जातो. वायू सोडला की तोच श्वास एकदम मोठा होतो. हा मोड काही श्वासांतच दाब वरखाली करून श्वास जागेवर आणतो. मात्र तो हे मुकाट्याने करतो, हाच त्याचा धोका. पोट फुगताना श्वासनलिकेचा दुभाग वर सरकून श्वासनलिकेत घातलेली नळी उजव्या फुप्फुसाकडे उतरली, किंवा नळीत बेडका अडकला, तरी आकडा ठीक दिसतो. वाढलेला असतो तो फक्त दाब. म्हणून दाबाची मर्यादा मी चालू दाबापेक्षा थोडीच वर ठेवते आणि शंका आली की स्टेथोस्कोप आधी, पडदा नंतर. बाळाला किलोमागे प्राणवायू मोठ्या माणसाच्या सुमारे दुप्पट लागतो आणि फुप्फुसातला साठा भुलीत आणखी घटतो, त्यामुळे विचार करायला मिळणारा वेळ फार थोडा असतो.

या मोडला गळती मुळीच चालत नाही. कफ (नळीभोवतीची फुगवायची पट्टी) नसलेल्या नळीभोवती हवा निसटली की परत येणारा श्वास कमी मोजला जातो आणि यंत्र उगाच दाब वाढवते. आम्ही आता कफ असलेल्या बारीक नळ्या वापरतो आणि कफचा दाब मापकाने पाहून २० सेंमी पाण्याखाली ठेवतो.

तक्रारीची जागा फ्लो सेन्सरची, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणाऱ्या भागाची, आहे. पावसाळ्यात कमी गॅसवर चालवताना सर्किटमध्ये पाणी साचे, आलेख करवतीच्या दातांसारखा थरथरे, आणि प्रेशर सपोर्टवर (बाळाच्या स्वतःच्या श्वासाला यंत्र आधार देते तेव्हा) बाळाने न घेतलेला श्वासही यंत्र मोजून मोकळे होई. वॉटर ट्रॅप (पाणी गोळा करणारी डबी) सर्वांत खाली ठेवल्यावर हे बरेच कमी झाले, पण बदली सेन्सर मिळवण्यासाठी विक्रेत्याकडे वारंवार पाठपुरावा करावा लागला. जेथे कामच लेकरांच्या श्वासाचे आहे, तेथे एवढी दिरंगाई मला असह्य वाटते.

हिवाळ्यात त्याच कमी गॅसचा लाभ झाला. जॅक्सन-रीसला मिनिटातील श्वसनाच्या दोन-तीन पट गॅस लागतो आणि तो कोरडा, थंड असतो; येथे १ लिटरवर भागते, सोडा लाइममधून (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या चुन्यातून) फिरलेली हवा उबदार व ओलसर राहते, सेव्होफ्लुरेन हे भुलीचे औषधही वाचते. माळव्याच्या थंडीत बाळाचे तापमान टिकवणे सोपे झाले.

खरेदीचा विचार असेल त्यांनी विक्रेत्याला लहान टेस्ट लंग (चाचणीचे कृत्रिम फुप्फुस) जोडायला सांगावे, श्वास २० मिलीवर लावावा आणि फ्रेश गॅस १ लिटरवरून ६ लिटरपर्यंत नेऊन टेस्ट लंगकडे जाणारा श्वास वेगळ्या मापकावर तपासावा. तो हलला, तर ते यंत्र तान्ह्या मुलांसाठी घेऊ नये. वीज काढून बॅटरीवरही तेच करून पाहावे.