९ कार्डं जमली आणि दहाव्याला फसलो, निदान तुम्ही तरी सावध राहा

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा लिटिल लीग खेळायला लागला तेव्हा त्याच्यासोबत बेसबॉल कार्डं घ्यायला लागलो, आता तो कॉलेजला गेला पण माझा नाद काही सुटला नाही. गेली ३ वर्षं एकाच सेटच्या मागे होतो, डॉनरस या कार्ड कंपनीचा १९९१ चा एलिट.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांना थोडं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. इन्सर्ट म्हणजे नेहमीच्या सेटबाहेरची, पाकिटात क्वचित निघणारी कार्डं. ९१ च्या डॉनरसचा साधा सेट ७७० कार्डांचा, तो एवढा छापला गेला की आज त्याला काही किंमतच नाही. पण त्यातल्या एलिट या इन्सर्टची ८ कार्डं, बाँड्स, ब्रेट, कॅन्सेको, डॉसन, ड्रेबेक, फील्डर, रिकी हेंडरसन आणि मॅट विल्यम्स, प्रत्येकी १०,००० च, आणि प्रत्येक कार्डाच्या मागे त्याचा स्वतःचा सिरियल नंबर. त्याशिवाय नोलन रायनचं लेजंड कार्ड ७,५०० आणि शिकागो कब्ज संघाच्या राईन सँडबर्गची सही असलेलं ५,०००. एक नंबर म्हणजे एकच कार्ड, या सेटची सगळी मजा त्यातच आहे.

माझी ८ आणि रायन अशी ९ झाली होती. सँडबर्ग राहिला होता. गेल्या वर्षी जुलैमध्ये, म्हणजे २०२५ ला, तो वारला, तेव्हापासून आता हे कार्ड आपल्या हातात येणार नाही अशी धास्तीच बसली होती, आणि अशी घाई झालेला माणूस बरोबर ओळखतात हे फसवणारे लोक.

एका ऑनलाइन ग्रुपवर मी 'सँडबर्ग हवाय' असं टाकलं, तासाभरात एकाचा मेसेज. काकांचं कलेक्शन विकतोय, तुम्ही सेट पूर्ण करताय तर दुसऱ्या कोणाला देण्यापेक्षा तुम्हालाच देतो. कार्ड ग्रेडेड, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने तपासून दर्जा दिलेलं, आणि स्लॅबमध्ये, म्हणजे त्यांच्या लेबलच्या सीलबंद प्लास्टिक डबीत. ३०० डॉलर सांगितले, आणि फ्रेंड्स अँड फॅमिलीने, म्हणजे ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या ऑनलाइन पर्यायाने, पाठवलेत तर २६०, फी वाचते म्हणे. बायको म्हणाली ओळख ना पाळख, त्याला कसले फ्रेंड्स? मी ऐकलं नाही. अशा पेमेंटला खरेदीचं संरक्षण नसतं हे मला माहीत होतं आणि तरी पाठवले.

आता स्लॅबचं ऐका, खरी मेख इथेच आहे. मी लेबलवरचा नंबर (हा कार्डाच्या सिरियल नंबरहून वेगळा) ग्रेडिंग कंपनीच्या साईटवर टाकून बघितला होता, बरोबर सँडबर्गचं कार्ड आलं, ग्रेडही तोच, त्यामुळे निश्चिंत झालो. त्या पानावर कार्डाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा फोटो होता. मी पुढचाच बघितला. विकणाऱ्याकडे मागच्या बाजूचा फोटो मागितला तर उद्या पाठवतो म्हणाला आणि ते तसंच राहिलं.

कार्ड आलं, बाकीच्या नऊंच्या शेजारी ठेवलं, फोटो काढून मुलाला पाठवला. दोन दिवसांनी खिडकीपाशी उजेडात धरलं तर स्लॅबची खालची कड पांढुरकी, धुरकट दिसली, बाकी तिन्ही कडा काचेसारख्या स्वच्छ. पोटात गोळाच आला. साईट उघडून मागचा फोटो बघितला, त्यावरचा सिरियल नंबर ७ ने संपणारा, माझ्या हातातला ४ ने. म्हणजे स्लॅब खरा, लेबल खरं, आतलं कार्ड बदललेलं. कड उचकटून परत चिकटवली होती. भिंगातून मागची काळी अक्षरं बघितली तर ती सलग काळी नव्हती, निळे-गुलाबी-पिवळे ठिपके मिळून झालेली, आणि माझ्या ब्रेटच्या कार्डावर तीच अक्षरं एकदम भरीव काळी. कोणीतरी खऱ्या कार्डाचा स्कॅन प्रिंटरवर काढला होता, सहीसकट.

मेसेज केला तर त्याने लगेच ब्लॉक केलं. व्यवहार बाहेर झाला म्हणून ग्रुपवाले काही करू शकले नाहीत, पैसे परत मिळाले नाहीत. एफबीआयच्या आयसी-थ्री या ऑनलाइन गुन्ह्यांच्या साईटवर तक्रार केली आणि कार्ड पोस्टाने आलं होतं म्हणून पोस्टातल्या फसवणुकीचा तपास करणाऱ्या पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडेही, पाकीट आणि स्टिकर जपून ठेवलंय. ग्रुपवर फोटो टाकल्यावर अजून एकाने कळवलं, त्याच्याकडचा सँडबर्गही ४ वाला, अगदी तोच नंबर. मी किती वेळ ते दोन फोटो बघत बसलो होतो.

पैशापेक्षा मला राग याचा येतो की सही केलेलं खरं कार्ड कुठेतरी उघडं विकलं गेलं असणार, आणि घेणाऱ्याला त्याचा स्लॅब माझ्याकडे आहे हे माहीतही नसेल.

गेल्या वर्षभरात कोणी सँडबर्ग घेतला असेल तर आज रात्रीच कार्ड उलटं करून नंबर बघा, स्लॅबमध्ये असेल तर साईटवरच्या मागच्या फोटोशी एकेक आकडा जुळवा, कडा उजेडात धरा. आणि ४ ने संपणारा निघाला तर पूर्ण नंबर इथे लिहू नका, मला मेसेज करा, तक्रारीला जोडायचाय.